जाहिरातीत ‘डिझायरेबल’ लिहिलंय, मग अर्ज करू की नको? हा शब्द नीट वाचायचा कसा

जो प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, बाकीचं निवांत वाचा. नोकरीच्या जाहिरातीत मागितलेलं इसेन्शियल क्वालिफिकेशन (असायलाच हवी अशी पात्रता) तुमच्याकडे आहे आणि डिझायरेबल (असेल तर उत्तम अशी) नाहीये, तर अर्ज करता येतो, बिनधास्त करा. उलटी केस असेल, म्हणजे डिझायरेबलमधलं सगळं आहे पण इसेन्शियलमधली एखादी गोष्ट नाही, तर फी वाया घालवू नका, तो अर्ज छाननीतच बाजूला जाणार. आता अर्ज करता येतो म्हणजे मुलाखतीला बोलावतीलच असं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे कारण बरीच पोरं डिझायरेबल म्हणजे ‘असलं तर असलं, नसलं तर नसलं’ एवढंच समजून तो कॉलम वाचतच नाहीत, आणि काही जण इतकं मनावर घेतात की पात्र असूनसुद्धा फॉर्म भरत नाहीत. दोन्ही चूक.

पायरी १ : आधी अर्थ डोक्यात पक्का करा

उच्चार डि-झाय-रे-बल असा आपण करतो, इंग्रजी बोलणारे जोर ‘झाय’वर देतात आणि पुढचं जवळजवळ गिळतात. शब्दाच्या शेवटी जे ‘एबल’ आहे त्याने लोक फसतात. वॉशेबल म्हणजे धुता येण्यासारखं, रिचार्जेबल म्हणजे पुन्हा चार्ज करता येण्यासारखं, त्या हिशोबाने डिझायरेबल म्हणजे ‘इच्छा करता येण्यासारखं’ व्हायला पाहिजे, पण तसं नाही, इच्छा काय कशाचीही करता येते. इथे अर्थ आहे ‘इच्छा करावी असं’, म्हणजे असायला हवं, असेल तर उत्तम. मराठी जाहिरातीत त्याच्या जागी कुठे ‘वांछनीय’ छापलेलं असतं, कुठे सरळ ‘असल्यास प्राधान्य देण्यात येईल’. जुन्या पुस्तकी मराठीत ‘इष्ट’. मला विचाराल तर ‘असल्यास प्राधान्य’ हेच सगळ्यात कामाचं भाषांतर, कारण वांछनीय वाचून कोणाला काही कळत नाही.

हा शब्द दिसला की स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. हे कोणाला हवंय? आणि नसेल तर काय होईल? पुढे जाहिरात असो, रक्ताचा रिपोर्ट असो नाहीतर बोअरच्या पाण्याची तपासणी असो, ह्या दोन प्रश्नांवर सगळं सुटतं.

पायरी २ : भावंडं वेगळी काढा

ह्यात सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा थांबून वाचा. डिझायर म्हणजे इच्छा. डिझायर्ड म्हणजे कोणीतरी ठरवलेलं, हवं असलेलं, उदा. ‘डिझायर्ड रिझल्ट मिळाला नाही’ म्हणजे जो निकाल आपल्याला हवा होता तो आला नाही, तो निकाल चांगला होता की वाईट ह्याबद्दल तो शब्द काही बोलत नाही. डिझायरेबल म्हणजे हवंहवंसं, असणं चांगलं. आणि डिझायरस म्हणजे ज्याला इच्छा आहे तो माणूस. आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीत ‘कँडिडेट्स डिझायरस ऑफ अप्लाइंग’ हे वाक्य अजून जिवंत आहे, त्याचा अर्थ अर्ज करू इच्छिणारे उमेदवार, एवढाच.

आता डिझायरेबल आणि डिझायरस ह्या दोघांची अदलाबदल झाली की काय होतं बघा. कव्हर लेटरमध्ये ‘आय ॲम डिझायरेबल टू जॉइन युअर कंपनी’ असं लिहिलेलं मी पाहिलंय आणि एकदा नाही, बऱ्याचदा. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं मी इच्छुक आहे, आणि वाचणाऱ्याला दिसतं की हा माणूस स्वतःला आकर्षक म्हणतोय. डिझायरस लिहिलं तरी व्याकरण वाचेल पण १९५० सालचं वाटेल, त्यापेक्षा सरळ ‘आय वुड लाइक टू’ लिहा नाहीतर ‘आय ॲम कीन टू’. साधं इंग्रजी लिहिल्याने कोणी मार्क कापत नाही.

नाम हवं असेल तर डिझायरेबिलिटी. जोर द्यायचा असेल तर ‘हायली डिझायरेबल’, हे जाहिरातीत दिसलं तर समजा की नावाला ऐच्छिक आहे पण त्याच्याशिवाय यादीत वर जाणं अवघड.

पायरी ३ : यूपीएससीची जाहिरात हातात घ्या

सिव्हिल सर्व्हिसेसची परीक्षा नाही म्हणत मी, ती वेगळी. यूपीएससी वर्षभर थेट भरतीच्या जाहिराती काढत असते, कुठे असिस्टंट डायरेक्टर, कुठे स्पेशालिस्ट डॉक्टर, कुठे सायंटिफिक ऑफिसर, आणि त्याचे अर्ज ओआरए नावाच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातात. तिथे प्रत्येक पदाखाली इसेन्शियल आणि डिझायरेबल असे दोन भाग असतात, पुढे त्यांनाच ईक्यू आणि डीक्यू म्हणतात. ह्या जाहिरातीच्या मागच्या पानांवर ज्या सूचना असतात ना बारीक अक्षरात, ज्या कोणी वाचत नाही, तिथे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे.

पहिली गोष्ट त्यात अशी की इसेन्शियल क्वालिफिकेशन हे कमीत कमी आहे आणि ते नुसतं असलं म्हणून मुलाखतीचा हक्क मिळत नाही. दुसरी गोष्ट, अर्ज खूप आले तर आयोग यादी छोटी करणार, आणि कशी करणार ते पण दिलंय. पद्धतींच्या यादीत पहिलीच पद्धत डीक्यूची आहे, म्हणजे डिझायरेबल ज्यांच्याकडे आहे त्यांना ठेवायचं, डीक्यू एकापेक्षा जास्त असतील तर त्यातलं एखादं किंवा सगळी धरून. मग येतं किमान पात्रतेपेक्षा वरचं शिक्षण, मग किमानपेक्षा जास्त अनुभव, मग अनुभव पदवीच्या आधीचा धरायचा की नंतरचा, मग जिथे अनुभव मागितलाच नव्हता तिथेसुद्धा अनुभव बघायची मुभा, आणि शेवटी रिक्रूटमेंट टेस्ट घेणं. ह्यातली एक किंवा जास्त, आयोग ठरवेल तशी.

आता दोन प्रश्न लावा. कोणाला हवंय? त्या खात्याला. नसेल तर काय? अर्ज कमी आले तर काहीच नाही, अर्ज ढीगभर आले तर तुम्ही बाहेर. म्हणजे डिझायरेबलचं वजन जाहिरातीत ठरलेलं नसतं, ते गर्दीवर ठरतं! एखाद्या आडवळणाच्या विषयात, जिथे मुळात उमेदवारच कमी, तिथे डीक्यू नसलेला माणूस आरामात मुलाखतीपर्यंत जातो, आणि जिथे इंजिनीअर, एमबीए सगळे पात्र ठरतात अशा पदाला डीक्यू हेच खरं गाळण होऊन बसतं.

मग फॉर्म भरताना करायचं काय, तर

इसेन्शियलमध्ये ‘ऑर’ आणि ‘अँड’ कुठे आहेत ते पेनने गोल करा. प्रिंट नसेल तर वहीत उतरवा. ‘अमुक विषयात मास्टर्स ऑर बॅचलर अँड तीन वर्षं अनुभव’ असल्या वाक्यात तुमचा रस्ता कुठला ते आधी ठरवा.

डिझायरेबलमधली प्रत्येक ओळ वेगळी घ्या आणि प्रत्येकीपुढे स्वतःचा पुरावा लिहा. पुरावा म्हणजे सर्टिफिकेट, अनुभवाचं पत्र, छापून आलेला पेपर, जे असेल ते. ‘मला येतं’ हा पुरावा नाही.

जे डीक्यू तुमच्याकडे आहे ते फॉर्ममध्ये दाखवाच, अपलोड कराच. जाहिरातीत स्वतःच सांगितलंय की किमानपेक्षा जास्त जे काही शिक्षण, अनुभव आहे ते सगळं नमूद करा. आपल्याकडे लोकांना लाज वाटते, ‘एवढं कशाला लिहायचं’, अरे लिहा की, छाननी करणारा तुमच्या घरी विचारायला येणार नाहीये.

तारीख बघा. पात्रता शक्यतो अर्जाच्या शेवटच्या तारखेला धरतात, म्हणून ‘पुढच्या महिन्यात डिप्लोमाचा रिझल्ट आहे’ ह्याचा उपयोग नाही, तो डिप्लोमा डिझायरेबल असला तरी.

अनुभवाचं पत्र जाहिरातीत दिलेल्या नमुन्यात घ्या, त्यात कामाचं स्वरूप लिहून घ्या. नुसतं ‘आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली’ असलं पत्र डीक्यूसाठी शून्य, कारण डीक्यूमध्ये साधारण असं असतं की अमुक यंत्रावर काम, तमुक क्षेत्रात रिसर्च, आणि पत्रात ते शब्दच नसतील तर बाबूने काय ओळखायचं.

अजून एक. त्याच जाहिरातीत एक टीप असते की पात्रता शिथिल करायचा अधिकार आयोगाला आहे, कारण लेखी नोंदवून, उमेदवार बाकी सगळ्या बाजूंनी चांगला असेल तर. ती वाचून काही जण इसेन्शियल नसतानाही अर्ज करतात. तो अधिकार त्यांचा आहे, तुमचा नाही, त्या भरवशावर पाचशे किलोमीटरच्या स्वप्नाचं तिकीट काढू नका. अनुभवाच्या अटीत एससी, एसटी उमेदवारांसाठी शिथिलतेची वेगळी टीप असते, ती मात्र ज्यांना लागू आहे त्यांनी जरूर वाचा.

राज्यातल्या, महापालिकेच्या, विद्यापीठाच्या जाहिराती वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या असतात, तिथे प्राधान्य म्हणजे नक्की काय ते प्रत्येक जाहिरातीत बघायला लागतं. कुठे जादा गुण असतात, कुठे समान गुण पडले तरच प्राधान्य. ह्या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि उत्तर नेहमी ‘निवडीची पद्धत’ ह्या मथळ्याखाली सापडतं, पात्रतेखाली नाही.

पायरी ४ : ब्रिटनची नोकरी असेल तर कॉलम वेगळा दिसतो

इकडून नर्स म्हणून जायची तयारी करणारी बरीच मुलंमुली आहेत, त्यांच्यासाठी. तिथल्या एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवा), काउन्सिलच्या (म्हणजे तिथली नगरपालिका), युनिव्हर्सिटीच्या जाहिरातीला पर्सन स्पेसिफिकेशन नावाचा एक तक्ता जोडलेला असतो, एका बाजूला मुद्दे आणि पुढे इसेन्शियल, डिझायरेबल असे कॉलम, बऱ्याचदा हा मुद्दा अर्जावरून तपासणार की मुलाखतीत तेही लिहिलेलं असतं. शॉर्टलिस्ट करणारा माणूस तो तक्ता समोर ठेवून अर्जाला टिकमार्क करत जातो. म्हणून सपोर्टिंग इन्फर्मेशनचा जो मोठा रकाना असतो त्यात स्वतःची जीवनकहाणी लिहू नका, तक्त्यातल्या मुद्द्यांच्या क्रमानेच लिहा, त्यांचेच शब्द वापरून, आणि प्रत्येकाला एक खरं उदाहरण द्या. आधी सगळे इसेन्शियल, मग जेवढे डिझायरेबल आहेत तेवढे. जे डिझायरेबल नाही ते सरळ सोडा किंवा ‘शिकतेय’ असेल तर तसं लिहा. खोटं लिहिलंत तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, त्यात काही नवल नाही.

अमेरिकन कंपन्यांच्या जाहिरातीत हाच शब्द कमी दिसतो, तिथे रिक्वायर्ड आणि प्रिफर्ड असतं, नाहीतर ‘नाइस टू हॅव’, किंवा वाक्याच्या शेवटी नुसतं ‘अ प्लस’. सगळं एकच. आयटीवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो, १९९७ सालच्या आरएफसी २११९ मध्ये (इंटरनेटच्या तांत्रिक मानकांचा एक दस्तऐवज) मस्ट, शुड आणि मे ह्यांचे अर्थ ठरवून दिलेत, त्यातला ‘शुड’ म्हणजे आपला डिझायरेबल, म्हणजे योग्य कारण असेल तर सोडू शकता पण सोडल्याने काय होईल ते पूर्ण समजून.

पायरी ५ : रिपोर्टवरचा डिझायरेबल

लॅबचा लिपिड प्रोफाइल आला की टोटल कोलेस्टेरॉलपुढे छापलेलं असतं, डिझायरेबल २०० च्या आत, २०० ते २३९ बॉर्डरलाइन, २४० आणि वर हाय. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. लोक विचारतात की बाकी टेस्टपुढे ‘नॉर्मल’ किंवा रेफरन्स रेंज लिहितात, इथेच डिझायरेबल का. कारण आहे. रेफरन्स रेंज साधारणपणे निरोगी लोकांची मापं घेऊन काढतात, मधले ९५ टक्के लोक जिथे बसतात ती रेंज. पण कोलेस्टेरॉलमध्ये समाजात जे सर्रास आढळतं ते हृदयाला चांगलंच असेल असं नाही, त्यामुळे इथे धोका कुठे कमी राहतो ते बघून रेषा आखली. म्हणजे ‘सगळ्यांचं असतं तसं’ नाही तर ‘असावं असं’. म्हणून २०५ आलं तर तुम्ही लगेच आजारी झालात असं नाही आणि १९५ आलं म्हणजे वडापाव सुरू असंही नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), शुगर, बीपी, सिगारेट, घरात कोणाला हार्टचा त्रास, हे सगळं धरून डॉक्टर ठरवतात. ज्याला आधीच हृदयविकार आहे त्याच्यासाठी एलडीएलचं टार्गेट छापील आकड्यापेक्षा बरंच खाली असतं. रिपोर्टवरची रेंज सगळ्यांसाठी एकच छापलेली असते, तुमच्यासाठी नाही.

पाण्याच्या रिपोर्टमध्ये तर हा शब्द अजून मजेदार. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, त्याच्या १९९१ च्या आवृत्तीत दोन कॉलम होते, एक डिझायरेबल लिमिट आणि दुसरा ‘दुसरा स्रोत नसेल तर चालेल’ अशी परमिसिबल लिमिट. २०१२ च्या आवृत्तीत डिझायरेबल काढून ॲक्सेप्टेबल केलं. तरी जुना शब्द लोकांच्या तोंडातून आणि काही लॅबच्या छापील फॉर्ममधून गेलेला नाही, दिसला तर ॲक्सेप्टेबलचाच कॉलम समजा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ५०० आणि २०००, हार्डनेस २०० आणि ६००, फ्लोराइड १ आणि १.५, हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर, पहिला आकडा हवा असलेला आणि दुसरा नाइलाजाचा. बोअरचा टीडीएस ९०० आला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब करायच्या आधी दुसरा कॉलम बघा. पण दुसरा कॉलम म्हणजे परवाना नव्हे, नळाचं बरं पाणी येत असताना बोअरचंच प्या असा त्याचा अर्थ होत नाही. आणि नायट्रेटला तर २०१२ च्या मानकात ४५ च्या पुढे सवलतच नाही, तिथे ‘नो रिलॅक्सेशन’ लिहिलंय, म्हणजे तो आकडा आपल्या भाषेत इसेन्शियल झाला. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडचा त्रास आहे, तिथल्या लोकांनी १ आणि १.५ मधला फरक हलक्यात घेऊ नये.

औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर ‘अनडिझायरेबल इफेक्ट्स’ असा मथळा दिसला तर घाबरू नका, साइड इफेक्ट्सच ते, युरोपियन पद्धतीच्या माहितीपत्रकात तसं म्हणतात.

पायरी ६ : माणसाला डिझायरेबल म्हणताना सांभाळून

वस्तू, जागा, पात्रता ह्यांना डिझायरेबल म्हटलं की साधा अर्थ. इस्टेट एजंट ‘डिझायरेबल लोकेशन’ म्हणतो, म्हणजे स्टेशन जवळ आणि भाव जास्त. पण माणसाला डिझायरेबल म्हटलं की तो शब्द एकदम शारीरिक आकर्षणाकडे झुकतो, टाइम्स ऑफ इंडियाच्या ‘मोस्ट डिझायरेबल’ याद्या आठवा, त्यात कोणाची टायपिंग स्पीड बघत नाहीत. ‘डिझायरेबल कँडिडेट’ एचआरच्या कागदात चालून जातं, पण ऑफिसमधल्या मॅडमना कौतुक म्हणून मेलमध्ये ‘यू आर व्हेरी डिझायरेबल’ लिहिलंत तर प्रकरण कमिटीपर्यंत जाऊ शकतं. तिथे व्हॅल्यूएबल म्हणा. लग्नाच्या बायोडाटात मुलासाठी एलिजिबल म्हणतात, डिझायरेबल नाही, आणि अपेक्षांच्या यादीत ‘डिझायरेबल : पुण्यात फ्लॅट’ असं लिहिणारे लोक असतात, त्यांचा तो शब्द खरं म्हणजे इसेन्शियल असतो हे दोन्ही घरांना माहिती असतं.

एमए सायकॉलॉजीच्या पोरांना दोन ठिकाणी भेटेल. सोशल डिझायरेबिलिटी, म्हणजे प्रश्नावलीत खरं उत्तर न देता लोकांना चांगलं वाटेल ते देणं, त्यावर क्राउन आणि मार्लो ह्यांची १९६० सालची ३३ विधानांची स्केल आहे, चूक की बरोबर अशी उत्तरं द्यायची. आणि रॉबर्ट बियॉर्क ह्यांची ‘डिझायरेबल डिफिकल्टी’, अभ्यास थोडा अवघड केला, म्हणजे पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणं, मध्ये दिवस सोडून उजळणी करणं, तर जास्त टिकतं. अभ्यासिकेत बसून एकच पान हायलाइट करत बसणाऱ्यांनी हे जरूर शोधून वाचावं.

पायरी ७ : स्वतः लिहिताना

औपचारिक पत्रात ‘इट इज डिझायरेबल दॅट ऑल मेंबर्स बी प्रेझेंट’ असं लिहितात, ‘आर प्रेझेंट’ नाही, तिथे क्रियापद मूळ रूपातच राहतं. ‘शुड बी प्रेझेंट’ लिहिलं तरी चालतं. पण सोसायटीची नोटीस असेल आणि खरंच सगळ्यांनी यायलाच पाहिजे असेल तर हे वाक्य वापरू नका, कारण ह्याचा अर्थ ‘आलात तर बरं’ होतो आणि मग कोरम भरत नाही. तिथे मस्ट लिहा. साहेबांना सुचवायचं असेल, थेट सांगायचं नसेल, तिथे मात्र हा शब्द फार कामाचा, आदेश पण नाही आणि गप्पही बसलं नाही.

दुकानासाठी, क्लाससाठी, छोट्या कंपनीसाठी माणूस शोधताय आणि जाहिरात तुम्हीच लिहिताय, तर डिझायरेबलखाली दहा गोष्टी कोंबू नका, दोन फार तर तीन. त्यांना काही गुण देणार असाल तर किती ते तिथेच लिहा. टू व्हीलर लायसन्सशिवाय काम होणारच नसेल तर ते डिझायरेबलमध्ये कशाला टाकता, इसेन्शियलमध्ये टाका, नाहीतर अर्धे अर्ज बस पकडून येणाऱ्यांचे येतील आणि ते सगळे तुमच्या जाहिरातीप्रमाणे पात्रच असतील.